भुयाराची कॅसेट

सन्माननीय अध्यक्षा अनुश्रीताई, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते प्रेमानंद खिल्लारे सर, व्यासपीठावरील मान्यवर, कुरुंद्याचे ग्रामस्थ आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनो, सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

मी करुणा पाईकराव, याच शाळेची विद्यार्थिनी. भाषण लिहून आणलं होतं. पण आत्ताच सर माझ्याविषयी म्हणाले, "बिनबोलावता शिकायला आलेली पोरगी." तो कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला. छत्तीस वर्षं हे कौतुक ऐकते आहे. आज ऐकवलं नाही.

एकोणनव्वद साल. सर नुकतेच नोकरीला लागले होते. पुण्याहून येताना त्यांनी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आणला होता, टीव्हीला जोडायचा. त्यावर त्यांनी स्वतः एक खेळ रचला. तेव्हाचे खेळ सपाट असत. सरांच्या खेळात पांढऱ्या रेघांचं भुयार होतं. बटण दाबलं की भिंती अंगावर येत, वळलं की बाजूला सरकत. आम्ही बसल्या जागी कलायचो. शाळेच्या सेविका जनकाबाई तर टीव्हीच्या मागं जाऊन बघून आल्या. म्हणाल्या, "सर, एवढा लांब रस्ता हितं मावला कसा?" याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

जरा पाणी घेते. माफ करा.

तो सगळा खेळ गाण्यांच्या असते तसल्या साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेला होता. दुसरी प्रत नव्हती. माझा भाऊ सुरज तेव्हा फौजेत, आसामला. आईला लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, "काहून गं, कॅसेटात बोलून धाडता येत न्हाई का?" मी प्रयोगशाळेच्या कपाटातून एक कॅसेट उचलली. वर नाव नव्हतं. घरी लावली तर नुसती खरखर आणि किंचाळी. खराब आहे, असं समजले. कुणाला विचारलं नाही. आईचं बोलणं त्यावर भरलं आणि पोस्टात टाकलं.

आठ दिवसांवर परभणीचं विज्ञान प्रदर्शन होतं. सर वर्गात आले. म्हणाले, "कुणी नेली असंल तर द्या रे. त्यात गाणी न्हाईत. लावली तर नुसती खरखर येती."

तेव्हा मला कळलं, मी काय पुसून टाकलं ते. मी उठले का? नाही उठले.

प्रदर्शन हुकलं. प्रयोगशाळेच्या किल्ल्या जनकाबाईंकडं असायच्या. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्या काढून घेतल्या. सर म्हणाले, "बाई तशा न्हाईत." पण किल्ल्या परत मिळाल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत कुणी दार उघडून देईल तेव्हाच त्या झाडायला आत जात.

मग मी रोज शाळा सुटल्यावर सरांकडं जाऊ लागले. आलेखाच्या कागदावर आठवेल तसं भुयार काढून देई, सर पुन्हा आज्ञावली लिहीत. भिंती उभ्या राहिल्या. वळण काही केल्या जमलं नाही. अखेर सरांनी तो कॉम्प्युटर विकला. मी मात्र त्यातूनच शिकले, आज तंत्रनिकेतनात शिकवते. ती बिनबोलावता आलेली पोरगी नव्हती, सर. ती भ्यालेली पोरगी होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आवरते. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. सुरजनं ती कॅसेट जपून ठेवली आहे. आईचा आवाज तेवढ्यातच उरला आहे. म्हणून मला धड पश्चात्तापही करता येत नाही.

सर मान खाली घालून बसले आहेत. पण जनकाबाई पहिल्या रांगेतून काही विचारतायत. काय, मावशी?

त्या विचारतायत, "मायचं बोलणं ऐकू येतं का अजून?"

व्हय, मावशी. सगळं ऐकू येतं.

सर, तुमच्या पुढच्या आयुष्याला मनापासून शुभेच्छा. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. किल्ल्यांचं मात्र सभागृहानं माफ करू नये. ते मावशी ठरवतील. मी खाली त्यांच्याकडं येते आहे.