गॅलरीतलं अळणी पाणी

माझं माहेर करकंबजवळच्या एका वस्तीवरचं. चौथी झाली आणि धाकटी भावंडं कोण सांभाळणार म्हणून शाळा सुटली, तवापासून हाताला काम न्हाय असा दिवस मला आठवत न्हाय. लग्न होऊन माढ्याकडं गेले, मालकांबरोबर सोलापुरात आले, मालक गेले तरी हितंच राहिले. आता जुळे सोलापुरात दोन खोल्या हायत, पुढं गॅलरी हाय, मुलगा नितीन टेम्पो चालवतो, मी कडक भाकरी करून दुकानांना देते. चार माणसांत मी मागं सरकून बसते, बोलत न्हाय, पण भाकरी थापताना मनात लई बोलते. काय सांगू तुम्हाला, पडून राहायचं म्हटलं की माझ्या पायांना मुंग्या येतात, आणि ह्या थंडीत नेमकं पडूनच राहावं लागलं.

साधी सर्दीच हो. पण नाक असं चोंदलं की तव्यावर भाकरी करपली तरी मला कळलं न्हाय, शेजारीण ओरडत आली. अंगात कणकण, तोंडाला चव न्हाय, घास फिरायला लागला. नितीननं चायनीजच्या गाडीवरनं पार्सल आणलं, म्हणाला आई, हे चिकन नूडल सूप, सर्दीवर सगळे हेच पितात. लालभडक पाणी, एक घोट घेतला आणि ठसक्यानं डोळे पांढरे झाले. मी म्हटलं, हे कसलं रे, माझी आई अळणी पाणी करायची, कोंबडी हळद-लसणावर शिजवायची, तिखट-मसाला पडायच्या आधी ते पाणी काढून घ्यायची, आणि त्यात मूठभर शेवया चुरायची. बाकीच्यांच्यात शेवया म्हणजे दूध-गूळ, पण आईचं आपलं वेगळंच होतं. एवढं बोलले आणि कूस बदलली. सून दारात उभी होती ते मी बघितलंच न्हाय.

आता सुनेचं सांगते. महानंदा, आमी नंदा म्हणतो. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची, घरात कानडी, लिंगायत माणसं, अंडंसुद्धा शिवत न्हाईत. नितीननं आणि तिनं आपलं आपण ठरवलं होतं. तिचे अप्पा घर बघायला आले तवा च्या घेईनात, नुसते गॅलरीकडं बघत बसले. शेवटी म्हणाले, ताई, माझं एकच मागणं हाय. मी तोंड वर न करता म्हटलं, तुमच्या लेकीच्या हाताला मांस लागणार न्हाय, हा माझा शब्द. मग त्यांनी च्या घेतला.

तो शब्द मी पाळलाय. कोंबडीचं पातेलं, पळी, विळी सगळं एका फडक्यात बांधून गॅलरीत, लहान शेगडीबी तितंच. रविवारी मी तितं करणार, नितीन तितंच बसून जेवणार, मी आंघोळ करून मगच आत येणार. नंदा तेवढा वेळ गच्चीवर जाऊन बसते. कधी कुणाचं वाकडं तोंड न्हाय.

तर त्या पार्सलच्या दुसऱ्या दिवशी नितीन लातूरकडं माल घेऊन गेला आणि मी आतल्या खोलीत तळमळत पडले. उशी इकडून तिकडं, पांघरूण काढ, पांघरूण घे. नाक बंद असलं की घरात काय चाललंय ते कळतच न्हाय बघा, आंधळं झाल्यासारखं होतं. कानाला तेवढं आलं, बाहेरची शेगडी पेटल्याचा आवाज. उठले, भिंत धरून आले, तर गॅलरीचं दार तिकडून ओढलेलं, कडी घातलेली. काचेतनं बघितलं. फडकं सुटलेलं, पातेलं शेगडीवर.

मी दार बडवलं. नंदे, उघड. तिकडून म्हणते, अत्ती, सुम्म मलकोरी. सासूबाई, गप पडून राहा, असं कानडीत. मी म्हटलं, तुझ्या अप्पांना मी काय तोंड दाखवू? ती म्हणाली, तोंड नंतर दाखवा, आधी सांगा, हळद पयली का लसूण पयला? मी म्हटलं, सांगणार न्हाय जा. कोण शिजवतंय बघते, मी सांगितलं न्हाय तर तुला काय जमणार?

असं म्हणून मी दाराला टेकून खाली बसले. बसले कसली, एक कान दारालाच. तिनं तांब्या भरला ते ऐकू आलं, ओतला, परत भरला. किती पाणी ओततेस गं, मी मनात म्हटलं. मग डब्याचं झाकण वाजलं. मिठाचा डबा, त्या झाकणाचा आवाज मी झोपेतबी ओळखीन. तोंड दाबून धरलं होतं, पण राहवेना की. ओरडलेच, अगं मीठ आत्ताच नको, मांस निबर होतंय, उकळी येऊ दे, वरचा फेस काढ, मग नावाला चिमूट टाक! तिकडून हसणं ऐकू आलं. म्हणते, अत्ती, आता कसं बोललात. मग काय, शेवया कवा घालायच्या, शेगडी कवा बारीक करायची, सगळं मीच सांगत गेले, सांगताना रडत होते, का नाक गळत होतं, माझं मलाच कळंना.

दार उघडलं तर ही उभी, दोन्ही हातांत दुधाच्या धुतलेल्या पिशव्या घातलेल्या, मनगटाला रबर लावलेलं. पदरानं नाक बांधलेलं. म्हणाली, बघा, हाताला काय लागलं न्हाय, कोंबडीवाल्याकडनं धुऊन, बारीक तुकडे करूनच आणली. तुमी अप्पांना हाताचंच सांगितलं होतं की. वाटी तिनं चिमट्यानं धरून माझ्यापुढं ठेवली. मी प्याले. गरम पाणी घशातनं उतरलं, शेवया गुळगुळीत लागल्या, बाकी काही कळलं न्हाय. म्हटलं, झ्याक झालंय. ती म्हणाली, खोटं बोलू नका, तुम्हाला चव कुटं हाय? मी म्हटलं, मग तू चाखून बघ. तेवढ्यावर हसलो दोघीबी.

पण हसणं टिकलं न्हाय. दिवेलागणीला तिच्या अप्पांचा फोन येतो, रोज, आज काय केलंस जेवायला म्हणून विचारतात, आणि ती त्यांच्याशी खोटं बोलत न्हाय. दुपारभर मी घड्याळाकडं बघत आतबाहेर करत राहिले, ती म्हणते अत्ती बसा, मी बसले की उठते. फोन वाजला तसा तिच्या आधी मीच उचलला. मी, जी फोनवर हॅलोसुद्धा म्हणत न्हाय. म्हटलं, अप्पा, माझा शब्द मोडला, नंदानं आज कोंबडी शिजवली, माझ्यासाठी, मी आजारी हाय म्हणून, तिला काय बोलू नका, मला बोला. पिशव्यांचं सांगणार होते, पण न्हाय सांगितलं. पळवाट काढल्यासारखं, मला ते बरं वाटलं न्हाय.

  अप्पा म्हणाले, कुडिद्रेन्री? मला समजलं न्हाय असं वाटून परत मराठीत म्हणाले, प्यालात का? मी म्हटलं, व्हय, सगळं. मग म्हणाले, ताई, तिला डोक्यावरून आंघोळ करायला सांगा. पण पाणी तापवून द्या, गार पाण्यानं तिलाबी सर्दी व्हायची.

मी पाणी तापवलं. ती न्हायल्यावर माझ्याच पदरानं तिचे केस पुसले.

आता सर्दी गेली. पातेलं परत फडक्यात बांधलंय, रविवारी नंदा परत गच्चीवर जाते, मी परत आंघोळ करून आत येते. नाक उघडलं तसं सगळ्याचे वास आले, भाकरीचा, शेंगांचा, तिच्या कपाळावरच्या विभूतीचा. फक्त त्या वाटीत काय चव होती ते मला कधी कळायचं न्हाय. अजून शेगडी पेटवताना जीव तितंच अडकतो, हळद बेताची पडली असंल का, मीठ बरोबर असंल का. परत कर असं मी तिला म्हणणार न्हाय, आणि तिनं करावं असंबी मला वाटत न्हाय. देव तिला सर्दी-खोकल्यापासून लांब ठेवो, आणि कधी झालीच, तर तिच्यासाठी मुगाचं कढण मी करीन, आतल्या गॅसवर, चांगल्या पातेल्यात.