गोलकीपर घरजावई झाला

...आणि दोन खुर्च्या मांडलेल्या! अख्खं गाव खाली सतरंजीवर, आणि समोर दोनच खुर्च्या, एकीवर नविन सर, एकीवर मी. सत्काराला बसवतात ना, तसं! फक्त हार नाहीत आणि कोणी हसत नाही! मी हळूच मंडळाच्या अध्यक्षांना, बाबल्याकाकांना म्हटलं, काका, खुर्ची कशाला, मी बसतो की खाली... तर काका म्हणतात, "नाय नाय, तुमी वरच बसा. सगल्यांना नीट दिसायला पायजेल."

दिसायला! अहो, इतकी वर्षं मी डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीच्या आत बसतोय, लोकांना माझे फक्त हात ठाऊक, आणि हे म्हणे नीट दिसायला पायजेल! तर तुम्हाला सांगतो, सभा कशाची? आमच्या रानशेतच्या उगवता तारा मंडळाची. विषय एकच. आपली फुटबॉलची टीम बुडाली, ती कोणी बुडवली, कोचने की मॅनेजरने? ज्याने बुडवली त्याने आजपासून घरी बसायचं. कोच म्हणजे नविन सर, शाळेत पी.टी. शिकवतात. आणि मॅनेजर म्हणजे... हा काय, तुमच्यासमोर उभा आहे! पण मला एक सांगा, टीम खेळते कुठे? मैदानात. मैदानात शिट्टी कोणाच्या गळ्यात? कोचच्या! आणि मॅनेजर तेव्हा कुठे असतो? मॅनेजर टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत असतो, सरबताची बादली कोणी पळवली ते शोधत असतो... मग तुम्हीच सांगा, यात मॅनेजरची काय चूक?

नाही, बुडालो हे खरं, ते कुठे मी नाही म्हणतोय. पण बुडायला आधी तरंगावं लागतं, आणि काय तरंगलो होतो महाराजा! चौदा साली टीव्हीवर वर्ल्ड कप झाला, तो बघून नविन सरांच्या अंगात आलं. त्याच वर्षी भातकापणी उरकली तशी आमची टीम उभी राहिली, आणि कोसबाडच्या स्पर्धेत पहिल्याच फटक्यात पहिला नंबर! ढाल आणि बोकड! पंधरा साली ढाल आणि बोकड! सोळा साली ढाल आणि बोकड! तिसऱ्या वर्षी तर बोकड आपणहून आमच्या टेम्पोजवळ येऊन उभा राहिला, म्हटला असेल, उगाच फायनलची वाट कशाला बघा!

आणि हे सगळं कोणाच्या जिवावर? लहान्याच्या! आमचा गोलकीपर. नाव लहान्या, आणि दारातून येताना वाकावं लागतं त्याला. नवशीबाईचा एकुलता एक. बाप लवकर गेला, तेव्हापासून चिकूच्या वाडीत कामाला. वाडीत कसं असतं, वरचा गडी झाडावरून फळ सोडतो आणि खालचा झेलतो, कारण चिकूला मार लागला की तो गेला, मग त्याला बाजारात कोण विचारतो! तर लहान्या खालचा गडी. त्याला बॉल म्हणजे काय हो, मोठा चिकू! उजवीकडून मारा, डावीकडून मारा, डोक्यावरून मारा, हा झेलणार म्हणजे झेलणारच, आणि झेलून खाली ठेवणार कसा? हळूच! गवतावर! मार लागू नये म्हणून! नविन सर बाहेरून बोंबलतायत, "लाथ मार रे, लाथ मार, पुढे पाठव!" आणि हा बॉल पुसतोय!

पण चांगलं चाललेलं सरांना बघवेल तर ना! सतरा साली एक दिवस माझ्या खिडकीत तोंड घालून उभे. मागे वलसाडची, सुरतेची रांग लागलेली. आणि हे, "गोपीनाथराव, मुलांना एक्सपोजर पाहिजे." म्हटलं सर, ड्युटीवर आहे मी. "अहो, सारखं आपापसांत खेळून टीम कुजते. तलासरीकडे डोंगरपाड्याची टीम आहे, त्यांच्याशी फ्रेंडली मॅच ठरवलीय मी." मागून एक बाई ओरडली, "अरे भाई, टिकिट लेवी छे के वातो करवी छे?" तेव्हा गेले. पण मुद्दा लक्षात ठेवा हं, फ्रेंडली ठरवली कोणी? कोचने!

गेलो डोंगरपाड्याला. शेतातलं मैदान, गोलच्या मागे बांध, बांधावर गावातल्या मुली बघायला बसलेल्या. पहिला शॉट आला तो गोलच्या बाहेरून, बॉल गेला बांधाकडे. तिथल्या एका मुलीने, संगिता तिचं नाव, उठून परत टाकला. लहान्याने झेलला. बघितलं. खाली ठेवला. इथपर्यंत ठीक! पुढचा शॉट आला तो अगदी हाताजवळून. आणि याने काय करावं? सोडला! जन्मात ज्याने एक फळ खाली पडू दिलं नाही त्याने बॉल जाऊ दिला, आणि स्वतः गेला बांधापर्यंत आणायला. आला कधी? सावकाश! मग आणखी एक सोडला. मग आणखी एक... मी सरांना म्हटलं, सर, कीपरकडे बघा जरा. सर म्हणतात, "अँगल चुकतोय त्याचा." अहो, कसला चुकतोय! सरळ बांधाकडे होता अँगल! हाफ टाइमला बाजू बदलल्या, लहान्या पलीकडच्या गोलात गेला, आणि तुम्हाला सांगतो, ती पोरगी उठली, तिने मैत्रिणींना उठवलं, आणि सगळी पंगत पलीकडच्या गोलामागे जाऊन बसली! सगळ्या मैदानाला कळलं. शेजारी चरत होत्या त्या गाईंना कळलं. एकाच माणसाला कळलं नाही, ज्याच्या गळ्यात शिट्टी होती त्याला! आता तुम्हीच सांगा, यात मॅनेजरची काय चूक?

बरं, पुढे ऐका. आठवड्याने लहान्या माझ्या घरी. अंगणात उकिडवा बसला. जयमालाने, म्हणजे आमच्या हिने, चहा दिला. प्याला. दुसरा दिला. तोही प्याला. मग जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाला, "दादा, डोंगरपाड्याला मागणी घालाय जायचा हाय." मी म्हटलं, अरे बाबा, आधी स्पर्धा तरी होऊ दे... तर ही आतून, "स्पर्धा ठेवा चुलीत! बाप नाही त्याला. तुम्ही नाही जाणार तर कोण जाणार?" मी तर गेलो बुवा.

मुलीचा बाप हिरू. साधा माणूस, गुडघे गेलेले, थोडी शेती, आणि संगिता एकच मुलगी. मला विचारतो, "पोरगा कामाला कसा?" झालं! हे तर माझंच मैदान! म्हटलं, हिरूभाऊ, त्याचे हात बघा, त्या हातातून आजवर काही निसटलेलं नाही, नुसतं धरत नाही हो, जपून ठेवतो! हिरू खूश. म्हणाला, "मंग देतंव पोरगी. पन आमाला कोन नाय. पोरगा इथंच येऊन रायला पायजेल, घरजावई." मी लहान्याकडे बघितलं. तो आतल्या दाराकडे बघत होता, आणि दाराआड बांगड्या वाजत होत्या. काय म्हणणार होतो मी? कोसबाडची सेमीफायनल आहे म्हणून लग्न मोडा? पण मॅनेजर आहे मी! अट घातली! म्हटलं, राहील इथे, पण खेळेल आमच्याकडून. हिरू म्हणाला, "खेलू दे की, कोन नाय बोलतंय!" बघा! परदेशात असल्या कराराला वकील लावतात, मी कोऱ्या चहावर केला!

लग्न झालं. टीम नाचली, सर नाचले, मी नाचलो, नवशीबाई रडली आणि मग तीही नाचली. आणि कोसबाडला नावं द्यायला गेलो तर कमिटीवाले म्हणतात, लहान्या चालणार नाही. का? तर नियम! ज्या गावात राहतो, जेवतो, त्याच गावाकडून खेळायचं, ज्या गावची भाकर त्या गावचा गडी! मी टेबलावर हात आपटला, म्हटलं कोणत्या गाढवाने केला हा नियम? तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यातला एक अदबीने म्हणाला, "गोपीनाथभाऊ, तुमीच. पंधरा साली. याच टेबलावर हात आपटून."

बरं, केला असेल! तेव्हा एका टीमने भाड्याचे खेळाडू आणले होते, कोणीतरी बोलायलाच हवं होतं! नियम चांगलाच आहे हो, आजही चांगला आहे! तो करताना मला काय स्वप्न पडलं होतं, की सर फ्रेंडली ठरवणार, पोरगी बांधावर बसणार आणि तिच्या बापाचे गुडघे जाणार? आयुष्यभर लोकांना जायची-यायची तिकिटं दिली, आणि लहान्याला देऊन बसलो फक्त जायचं! तुम्हीच सांगा, यात मॅनेजरची काय चूक?

तिथून जी घसरण लागली... गोलमध्ये उभा केला काळ्याला. काळ्या गुणी मुलगा, पण बॉल आला की डोळे मिटतो. सर म्हणतात, "काळ्या, डोळे उघड!" उघडतो की, गोल झाल्यावर! सतरा साली दुसऱ्या फेरीत बाहेर पडलो, अठरा साली पहिल्याच. आणि यंदा एकोणीस साली पहिलीच मॅच कोणाशी? डोंगरपाड्याशी! समोर गोलमध्ये लहान्या. एक गोल आमच्यावर चढलेला, आणि अगदी शेवटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. आमचा तुक्या, पेनल्टी कधी न चुकलेला तुक्या, मारली त्याने कोपऱ्यात सणसणीत, आणि लहान्याने अंग टाकलं आणि झेलली. उठला. बॉल पुसला. खाली ठेवला, हळूच.

मॅच संपली. तिकडे डोंगरपाडा नाचतोय, आणि हा त्यांच्यात न जाता लांबलांब ढांगा टाकत आमच्याकडे आला, सरांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. मागून संगिता आली, कडेवर मुलगी. लहान्याने बॉल त्या पोरीच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी कवटाळला, आणि आईच्या कडेवरून उतरून खाली ठेवला. हळूच! खरं सांगतो, राग यायला हवा होता मला, पण इतकं भरून आलं, इतकं भरून आलं... सर बाजूला उभे राहून उगाच शिट्टी पुसत होते.

आणि त्यानंतर ही सभा! आणि या खुर्च्या! सर उठले, "कोच म्हणजे स्वयंपाकी, मंडळी! मॅनेजर आणेल ती भाजी शिजवणार. यांनी घरातली ताजी भाजी शेजाऱ्याला देऊन टाकली, मी काय नुसतं पाणी उकळू?" मी म्हटलं, आणि शेजाऱ्याचं दार दाखवलं कोणी? ते म्हणाले, मागणी घालायला कोण गेलं? मी म्हटलं, अँगल चुकतोय म्हणून कोण म्हणालं? शेवटी बाबल्याकाका वैतागले, "कोचला काढाचा, त्यांनी हात वर करा." आणि तुम्हाला सांगतो, हात वर व्हायला लागले. इकडून, तिकडून, मागून... म्हणजे मी जिंकलो हो! सरळ जिंकलो!

सरांकडे बघितलं. ते गळ्यातली शिट्टी काढत होते. दोरी चष्म्यात अडकलेली, निघता निघेना, आणि ते खाली मान घालून सोडवतायत. हा माणूस रोज संध्याकाळी माझी ड्युटी सुटायच्या वेळेला खिडकीशी येऊन उभा राहतो. मग आम्ही चहा घेतो आणि टीमवरून भांडतो. त्यांना घरी बसवलं तर मी भांडू कोणाशी? जयमालाशी? तिच्याशी मी कधी जिंकलोय! उठलो. म्हटलं, सर गेले तर मीही जातो. फ्रेंडली त्यांनी ठरवली म्हणून त्या पोराला संगिता भेटली! तर सर ताडकन उठले, "भेटून काय होतं? मागणी गोपीनाथरावांनी घातली म्हणून लग्न झालं!" मी म्हटलं, नाही, तुमच्यामुळे! ते म्हणाले, नाही, तुमच्यामुळे! आणि परत जुंपली आमची!

तेव्हा मागून नवशीबाई बोलली. कधी सभेत न बोलणारी बाई. "माज्या पोराचा संसार सोन्यासारखा झाला, आन तुमी सगले बसलाव, चूक कोनाची, चूक कोनाची करत?"

हात एकेक करून खाली आले. बाबल्याकाकांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "कोनाला काढाचा नाय. पन आता तुमचा भांडान ऐकवत नाय. उठा. खुर्च्या बदला." बदलल्या. "हा कोच, हा मॅनेजर. जेवाला चला, भात थंड होतंय."

तर आता मी कोच! शिट्टी माझ्या गळ्यात! आणि कोच म्हणून पहिलं काम काय केलं असेल? मुलांना एक्सपोजर पाहिजे ना? फ्रेंडली ठरवली. कुठे म्हणजे... डोंगरपाड्यालाच. लहान्याच्या पोरीला बघायला नाही हो, खेळासाठी! गेलो. आणि आमचा तुक्या, चांगला नेमबाज, त्याचा प्रत्येक शॉट त्या दिवशी गोलच्या वरून, थेट बांधावर! मारतोय आणि स्वतःच आणायला धावतोय. सर म्हणाले, गोपीनाथराव, तुक्याकडे बघा जरा. मी बघितलं. मी म्हटलं, बूट चावत असतील.

काल खिडकीत तोंड घालून नविन सर उभे. मागे ही रांग. चेहरा नुसता फुललेला. "गोपीनाथराव, मॅनेजर म्हणून पहिलं काम करून आलो! डोंगरपाड्याला गेलो होतो, तुक्यासाठी. संगिताची चुलत बहीण, सुषमा. मुलगी फार चांगली आहे..."

मी म्हटलं, सर. एकुलती एक आहे का?

सर म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

...आता तुम्हीच सांगा, यात कोचची काय चूक?