आप्पासोच्या घराचा वरचा मजला

हॅलो? …हॅलो, मधुकर साहेब का? लागला एकदाचा फोन! …मी उदयसिंह. साताऱ्याचा, कर्जाच्या फायली करणारा. का, नंबर काढून टाकलावता व्हय माझा?

बरं, ऱ्हाऊ द्या. कोरेगावच्या घराचा तुमचा व्हॅल्युएशन रिपोर्ट आत्ता बँकेत वाचला. काय लिवलंय हे? "इमारत : फक्त तळमजला." …फक्त? आवं, वरचा मजला कुठं गेला?

…न्हाई म्हंजे?

रस्त्यावरनं दिसतोय की धडधडीत! भिंत हाय, भिंतीला दोन निळ्या खिडक्या हायत… खिडक्यांच्या मागं? …आभाळ? साहेब, चेष्टा नको… फोटो काढलाय? आभाळाचा?

थांबा थांबा. तुमी स्वतः वर गेलावता? टेप घेऊन? …नऊ वर्षं तुमचे रिपोर्ट बघतोय मी, तुमी कधी घरासमोर गाडीतनं उतरलेलं आठवत न्हाई मला. मी आकडा सांगायचो, तुमी मिसळ खात खात मापं लिवायचा. आता या वयात जिने चढायची हौस कशी काय आली?

…माझ्यामुळं? …हां, तो अर्ज. व्हय, मीच केलावता बँकेला. "जागेवर न जाता अहवाल देतात." खोटं हुतं का? …वर्षभर व्हॅल्युअरांच्या पॅनलवरनं काढलं ते बँकेनं काढलं. मी नुसतं कळवलं… ओ, तोंड सांभाळून! दलाल कुणाला म्हणता?

…बरं, ऐका ना. ऐका तरी. हे घर गिऱ्हाइकाचं न्हाई. माझी बहीण घेतीया, अंकिता. …सख्खी. भावजी मिल्ट्रीत, आसामला. त्यांनी फंडातनं काढून इसार दिलाय. आणि आप्पासो, घराचा मालक, दिलेला इसार परत करणाऱ्यातला न्हाई… वरच्या मजल्यावर शिवणक्लास काढायचाय तिला. बारा मशिनी सांगून बसलीया!

…बघितलं न्हाई का म्हणून काय इचारता? जिन्याच्या दाराला कुलूप हुतं. आप्पासो म्हणाला, चावी भाडेकरूसंगं पुण्याला गेली… खिशात? आप्पासोच्याच? …तुमी काढून घेतली? कमाल हाय.

अंकिता म्हणत हुती, दादा, कुलूप तोडून बघू. मीच म्हणलं, गप. आप्पासोनं चार वर्षांमागं ह्याच घरावर कर्ज काढलंवतं, त्याचा रिपोर्ट मी वाचलाय. छापील, शिक्क्यासकट. "तळमजला अधिक एक. वर हवेशीर खोल्या तीन." आता असं लिवणारा काय गाढव असंल का…

…तुमची सही?

मग गाढव तुमीच की! मजला नव्हता तर लिवला कशाला? कोण सांगाय आलंवतं तुमाला?

…मी?

छ्या! मी कशाला… कुठं? …लोणंदला, फाटकाजवळ… आप्पासोबी हुता? …न्हाई बा. शंभर फायली असत्यात, एकेक कुठं ध्यानात ऱ्हातीया… काय म्हणलावतो? …"जिना हाय म्हंजे मजला येणारच, आजच लिवून टाका"?

…

हवेशीर पण मीच म्हणलो?

…हसू नका. मधुकर साहेब, हसू नका… हे बघा, ह्या बारीला जुनं हाय तसंच लिवा. मजला मी वर्षात बांधतो, शप्पत. अर्ज मागं घेतो, बँकेला दिलगिरीचं पत्र देतो… कशाला न्हाई? जुन्या कागदावर सही तुमचीच हाय, ध्यानात ठेवा. मी बुडालो तर तुमीबी…

…आधीच कळवलंय? बँकेला? लेखी? …माझ्या नावासकट?

…

थांबा, दुसरा फोन येतोय. अंकिताचा. ठेवू नका, साहेब, पाया पडतो, दोन मिनिटं…

हॅलो? हां, अंकिता… न्हाई गं, आवाजाला काय झालंय? कुठं हायस? …कोरेगावला? मशिनीवाल्याला घेऊन? …खोल्यांची मापं घ्यायला… बरं… चावी कुणी दिली? …व्हॅल्युअर साहेब शेजारच्या दगडाबाईंकडं ठेवून गेलेत? तुझ्यासाठी?

…अगं ऐक ना. ऐक माझं. कितव्या पायरीवर हायस?

…तिथंच थांब.

…अंकिता? …हॅलो?