सोनेरी पिल्लाचा उपास

(नोव्हेंबर. गावी घरी, सासू-सून स्वयंपाकघरात; चार वर्षांची रोझार्का जवळच खेळतेय.)

बोहुन्का: ...म्हणून सांगते हेदविका, या पोरीला उपाशीपोटी झोपवत जाऊ नकोस. आणि एकदा डॉक्टरला दाखव.

हेदविका: अहो आई, उपाशी कुठे? काल सहाला सूप प्यायली, पेंग आली, झोपली. चार वर्षांची मुलं झोपतात अशी.

बोहुन्का: झोपतात. पण सकाळी अशी पांढरीफटक नसतात. आज हाक मारली तर माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. पोटात दूध गेलं आणि दहा मिनिटांत टकळी सुरू.

हेदविका: म्हणजे बरीच आहे की.

बोहुन्का: चौतीस वर्षं बिअरच्या कारखान्यात यीस्ट सांभाळलं मी. उपाशी यीस्ट मला लगेच कळतं. काचेवर घ्यायचं, आयोडीनचा थेंब टाकायचा. पोट भरलेलं असलं की तपकिरी होतं, उपाशी असलं की नुसतं पिवळट. ते टाकीत सोडलं तर कामाला लागतच नाही, तळाशी पडून राहतं. तशी दिसते ही सकाळी.

हेदविका: माझी मुलगी आहे ती, बिअरची टाकी नाही.

बोहुन्का: हसू नकोस. तूही यीस्टवरच पोट भरतेस ना? आठ वर्षं प्रयोगशाळेत त्यात काय बघतेस ते तरी सांग एकदा.

हेदविका: तुमचं आयोडीन ज्याला रंगवतं ना, ते ग्लायकोजेन. साखरेचा कण कणाला जोडून यीस्टनं केलेला साठा. जोडणारा एक एन्झाइम असतो, मी त्याची ठेवण बघते. थांबा, दाखवते. दोन्ही हात द्या. माझी मनगटं धरा, मी तुमची धरते. चार हात, चार तुकडे, एकमेकांत गुंतलेले.

रोझार्का: मी पण! आई, मी पण!

हेदविका: तू साखर. थांब तिथे. आता ही मधली गाठ आवळलेली आहे, म्हणून एकाचीही मूठ उघडत नाही. यीस्टला भरपूर साखर मिळाली की त्यातलाच एक कण थोडा बदलून निरोप्यासारखा आत येतो आणि या गाठीत बसतो. रोझी, घाल डोकं मधे. सुटली गाठ! आता प्रत्येक मूठ उघडते, मिटते, उघडते, मिटते. दर वेळी साखळीला एक नवा कण.

रोझार्का: आजी, नाक सोड माझं!

बोहुन्का: साखर आहेस तू. साखरेला नाक नसतं. आणि काय गं, ती साखळी निसटत नाही मधेच?

हेदविका: तिला धरून ठेवायला बाहेरच्या अंगाला वेगळ्या खाचा आहेत. बघा, किती विचार केलाय!

बोहुन्का: आणि गाठ सुटलीच नाही तर?

हेदविका: तर साठाच होत नाही. खायला मिळतंय तोवर सगळं ठीक. मिळायचं थांबलं की संपलं.

बोहुन्का: माणसात असतं हे?

हेदविका: यकृतात असतं. जवळजवळ असंच. पण त्यात बिघाड होणं इतकं विरळ, की मी अजून असं माणूस पाहिलेलं नाही. आता सोडा हात, सूप उतू जाईल.

(चोवीस डिसेंबर, सकाळचे दहा. हेदविका ब्रनोमध्ये प्रयोगशाळेत, बोहुन्का गावी घरी. दोघी फोनवर.)

बोहुन्का: कधी निघतेस? तुझ्या नवऱ्याची, ओताकारची गाडी ओस्त्रावाहून चारला सुटणार, म्हणजे तो काही सहाच्या आत येत नाही. रात्रीच्या नाताळच्या जेवणाचा मासा कोण कापणार?

हेदविका: निघतेच. एन्झाइमचे स्फटिक ठेवलेल्या पिंपात गार द्रव नायट्रोजन भरला की झालं. सुट्टीत इथे कोणी फिरकत नाही. आटला तर वर्षाची मेहनत गेली. रोझी काय करतेय?

बोहुन्का: झोपलीय अजून.

हेदविका: झोपू द्या. काल किती वेळ टबाशेजारी बसली होती. टबात जिवंत ठेवलेल्या कार्प माशाचा निरोप घेत होती म्हणे.

बोहुन्का: त्या कार्पचंच विचारायला फोन केला. टबात काय टाकलंत तुम्ही? पाणी दुधासारखं झालंय. पावाचे बोळे तरंगतायत. सॉसेजचे तुकडे पण आहेत तळाला.

हेदविका: कुठला पाव?

बोहुन्का: काळा. शहाजिऱ्याचा. रात्री कापला होतास तो.

हेदविका: आई, ते तिचं जेवण आहे.

बोहुन्का: कुणाचं?

हेदविका: रोझीचं. म्हणाली, माशाबरोबर बसून जेवते. मी जाऊ दिलं. रिकामं ताट आणून दाखवलं मला. मी शाबासकी दिली.

बोहुन्का: माशाला का घालेल ती?

हेदविका: सोनेरी पिल्लासाठी. मीच सांगितलं परवा. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही, की भिंतीवर सोनेरी डुकराचं पिल्लू दिसतं.

बोहुन्का: ते काय, सगळ्याच पोरांना सांगतात. माझा ओताकार लहानपणी दुपारपर्यंत निम्मी बिस्किटं फस्त करायचा आणि वर पिल्लू दिसलं म्हणायचा.

हेदविका: ही नाही तशी. मला विचारत होती, आदल्या रात्रीपासून उपास केला तर मोठं दिसेल का. मी म्हटलं, दिसेल. भांडी घासत होते मी. काल शेवटचं काय खाल्लं तिनं?

बोहुन्का: दुपारचं वरण. मसुराचं. एक वाजता.

हेदविका: एकवीस तास. आई, तिच्याकडे जा. फोन कानाला ठेवूनच जा.

बोहुन्का: जाते, जाते. जिना आहे, पंख नाहीत मला. रोझी? ए रोझार्का, ऊठ गं सोन्या. दहा वाजले.

हेदविका: काय म्हणते?

बोहुन्का: काही नाही म्हणत. अंग घामानं चिंब आहे आणि गार. मान टाकतेय, हेदविका.

हेदविका: श्वास बघा.

बोहुन्का: चालू आहे. तोंडाला वास येतोय. तळघरातली सफरचंदं नासतात ना, तसा.

हेदविका: फोन ठेवू नका. टेबलावरच्या फोनवरून रुग्णवाहिकेचा एकशे पंचावन्न लावते. हॅलो? मुलगी आहे, चार वर्षांची, जागी होत नाहीये. रक्तातली साखर पडलीय. नाही, मधुमेह नाही. एकवीस तास उपाशी आहे. लिंडनच्या झाडांची गल्ली, अकरा नंबर, हिरवं फाटक. आजी आहे घरात. किती वेळ? बरं. बरं. आई, ऐकताय? चौदा मिनिटं लागतील.

बोहुन्का: चौदा मिनिटं मी नुसती बसू? दूध आणते.

हेदविका: दूध नाही! पातळ काही ओतू नका, श्वासात जाईल. तिला कुशीवर वळवा. मध आहे ना? बोटाच्या टोकाला घ्या आणि गालाच्या आतून चोळा. थोडा. मग परत थोडा.

बोहुन्का: आणला. बरणीचं झाकण निघत नाहीये.

हेदविका: आई.

बोहुन्का: निघालं. चोळतेय. रडू नकोस तू.

हेदविका: मी रडत नाहीये. तुम्ही नोव्हेंबरात सांगितलं होतं आणि मी...

बोहुन्का: ते नंतर. नीट भांडू आपण, वेळ काढून. आत्ता मला सांग हिच्या आत काय झालंय. तू बोल, मी चोळत राहते.

हेदविका: ते चार हात आठवतात? तिच्या यकृतात ते उघडत नसावेत. निरोप्या आला तरी काम होत नसावं. जेवली की साखर येते आणि तशीच वाहून जाते, गोदामात काहीच नाही. म्हणून दूध प्यायली की टकळी सुरू. म्हणून सकाळी पांढरी. आठ वर्षं मी यीस्टमधला तोच एन्झाइम बघतेय, आई. तोच. आणि घरात...

बोहुन्का: थांब. ओठ हलवले. रोझी? बघ, आजी आहे.

रोझार्का: नको.

हेदविका: बोलली? काय बोलली?

बोहुन्का: नको म्हणते. मध जिभेनं बाहेर ढकलतेय. रोझी, गिळ गं राणी.

रोझार्का: उपास... मोडेल.

हेदविका: मला स्पीकरवर टाका. रोझी, आई बोलतेय. उपास संपला, बाळा. खा.

रोझार्का: पिल्लू... नाही आलं.

बोहुन्का: दात आवळले हिनं. बोट आत जात नाही. बापाचा हट्ट घेतलाय, तो बरा नेमका घेतला! डोळे पुन्हा मिटतेय.

हेदविका: किती मिनिटं झाली?

बोहुन्का: पाच. नाही, सहा. हेदविका, ऊन आहे खिडकीत.

हेदविका: काय?

बोहुन्का: ऊन. गप्प बस जरा. रोझी. रोझार्का! ते बघ कोण आलंय. तिथे, कपाटाच्या वर. दिसलं?

रोझार्का: ...हलतंय.

बोहुन्का: हलणारच. पिल्लू आहे ते, मागचे पाय नाचवतंय. इतक्या सकाळी कधी कुणाकडे आलं नव्हतं. तू रात्रीपासून उपास केलास, म्हणून धावत आलं.

रोझार्का: मोठं आहे?

बोहुन्का: चांगलं डुकराएवढं आहे. ते बघतंय हं, तू मध खातेस की नाही. आ कर. शाब्बास. अजून. गिळलं हिनं, हेदविका. स्वतःहून गिळलं.

हेदविका: कशानं केलंत?

बोहुन्का: बरणीच्या झाकणानं उन्हाचा कवडसा पाडला. पितळी आहे, माझ्या आईचं. तू बोलू नकोस, मला झाकण धरायचंय आणि मध पण.

हेदविका: नाही बोलत.

बोहुन्का: आ. शाब्बास. आ. बोट चावलंस गं, बया! चाव, चाव.

रोझार्का: आजी, कार्पला भूक नव्हती.

बोहुन्का: असू दे. त्याला आज कोणी कापत नाही. फाटक वाजलं. आले वाटतं. हेदविका, आले ते लोक. मी दार उघडते, तू तिच्याशी बोल. रोझी, धर हा फोन. दोन्ही हातांनी.

हेदविका: रोझी? धरलास?

रोझार्का: हो.

हेदविका: घट्ट धर. मी निघाले. सरळ इस्पितळातच येते.

रोझार्का: आई, तू पण बघ. तिकडच्या भिंतीवर आलं असेल.

हेदविका: बघते. 

(नंतर. हेदविका, हे वाचणाऱ्यांना.)

हेदविका: हे सगळं जसं बोललं गेलं तसं मी लिहून ठेवलं, कारण फेब्रुवारीत तपासणीचा कागद आला आणि त्यात तोच एन्झाइम होता, एका जागी चुकलेला. रोझी आता दर तीन तासांनी खाते, झोपताना मक्याचं कच्चं पीठ पाण्यात कालवून पिते आणि तोंड वाकडं करते. कार्प आम्ही तळ्यात सोडला. आता तुम्हाला एक विचारू? आज सकाळी तुमच्या घरात कोणी अजून उठलं नाहीये का? दमलं असेल, झोपू दे, असं तुम्ही म्हटलंही असेल. हे खाली ठेवा, जरा आत जा, आणि त्याला नावानं हाक मारून बघाल?