सहावी ओळ

— अगं हात नको धरूस ऋता, खुर्ची दिसतेय मला. या डोळ्यांच्या विभागात मराठी मुलगी भेटेल असं वाटलंच नव्हतं! मघाशी फोनवर आईला "अगं ऐक तर" म्हणालीस आणि मी बाहेरच्या बाकावरून उठलेच — नाव विचारलं ते… कोटावर लावलंयस होय? असेल, लक्ष नव्हतं माझं. आज डायरीत लिहिणार हे. तेवीस वर्षं लिहितेय, ह्यांची इकडे बंगाली मुलखात, गार्डन रीचला, रेल्वेत बदली झाली तेव्हापासून. बंगाली अक्षरंसुद्धा तशीच शिकले — बसच्या पाट्या बघायच्या, घरी येऊन वहीत गिरवायच्या. शिकवायला कोण होतं?

आता वहीत सगळं आजारपणच. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, सहा केमो, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली. मग हे नवं औषध — कॅन्सरच्या पेशी हुडकून त्यांच्यातच विष सोडतं म्हणे. डोळ्यांना मात्र बाधतं. म्हणून सलाईन चालू असताना डोळ्यांवर बर्फाच्या पिशव्या, आणि दर तीन आठवड्यांनी, डोसच्या आधी, तुमच्याकडची सही. तीन डोसांत गाठ निम्मी झाली, ऋता — निम्मी! मग थांबायचं कशाला? हो, तुमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या गेल्या खेपेला, बुबुळावर ठिपके दिसतात, पण तक्ता नीट वाचताय तोवर चालू ठेवू. वाचतेच की! परवा वहीत ओळीवर ओळ लिहिली गेली, ह्यांनी बघितलं — मी म्हटलं टॅक्सीत लिहिलं. टॅक्सी कुठली, बालीगंजच्या घरात, टेबलाशी बसून, भर दुपारी… जाऊ दे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सलाईनला एक आभादी असायच्या. डोळ्यांपायी त्यांचा डोस दोनदा पुढे ढकलला. त्यानंतर खुर्ची रिकामी. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि मी — मी विचारलं नाही.

काय? झाकला डावा डोळा. सहावी ओळ ना? ही घे — ई, डी, एफ, सी, झेड, पी. न अडखळता! रात्री झोपतानासुद्धा म्हणून दाखवीन तुला… म्हणजे, तसं नव्हे… का गं, काय म्हणालीस?

बंगाली? बंगाली तक्ता आहे हा? — मघाच्या त्या आजोबांसाठी उलटलास, तसाच राहिला? मग आधी सांगायचं नाही का गं! येतं की मला, आत्ताच म्हटलं ना — थांब, वाचते — पहिलं 'क' — 'क'च ना? का 'ब'? सारखेच दिसतात मेले. अगं, बसची पाटी केवढी मोठी असते… ह्यांना आत बोलावू नकोस हं. ऋता? लिहितेयस का काही? आवाज येतोय पेनचा. ठेव ते खाली. ठेव ना, बाळा.