डॅशबोर्डवरचा दिवा

—तिथे नको ठेवूस ती पेटी, उन्हात तापेल. इकडे जास्वंदीच्या बाजूला घे. हां. आणि बॉनेट जपून उघड रे, त्याची दांडी मधेच सुटते, मागच्या खेपेचा मेकॅनिक बोट चेपून गेला. तू कोपरहून आलास ना? बंटीच ना नाव? नव्या पुलावरून आलास म्हणून बरं, नायतर आमच्या बाळकुमला यायचं म्हणजे अर्धा दिवस. हे घरी नायत. सोसायटीची मीटिंग आहे, येतील तासाभरात. बरंच झालं नायत ते— म्हणजे तुला निवांत काम करता येईल.

नवी बॅटरी द्यायच्या आधी जुनी तपासून बघू, असं तू फोनवर बोललास ते आवडलं मला. बाकीचे येतात, नवी ठेवतात, जुनी उचलतात, चालले. आणि ती नवी दोन पावसाळे काढत नाय. का? का म्हणजे, गाडी चालायला नको? फियाट आहे, अठ्ठ्याहत्तरची, आमच्या ह्यांचा जीव आहे तिच्यात— महिपतची फियाट बोलतात सगळ्या आळीत. पण निघते कधी? चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईच्या जत्रेला, नारळी पुनवेला खाडीवर, आणि भावकीत लग्न असलं की नवरदेवाला. बाकी सगळं वर्ष ताडपत्रीखाली. बसून राहिलेली बॅटरी मरते, हे मला पण ऐकून ऐकून पाठ झालंय. आणि ह्यांच्या सेवेत काय कमी नाय हां— डिस्टिल वॉटरची बाटली बघ तिथे फळीवर. टोकांवर ती पांढरी भुकटी येते ना, ती गरम पाण्याने धुतात, पुसतात, वर व्हॅसलिन लावतात. माझ्या टाचा फुटल्या तेव्हा मी ती डबी मागितली तर बोलले, ती गाडीची आहे गं, तुला दुसरी आणतो. आणली बरं का. लगेच आणली, मोठी आणली. पण ती गाडीची ती गाडीचीच.

बिनपाण्याची घ्या, तिला काय बघावं लागत नाय— तू पण हेच सांगणार, माहिताय. मी पण तेच सांगते. पण ह्यांना पाण्याचीच पायजे. झाकणं उघडायची, आत डोकवायचं, पाणी किती खाली गेलं ते बघायचं. माझी शुगर किती आहे विचार त्यांना. नाय सांगता यायचं. जाऊ दे, तू काम कर.

नाय पण ऐक. खरं काय ते मी सांगते तुला, बॅटरीत दोष नाय. दोष तो बघ— काचेतनं बघ, डॅशबोर्डवर, एकवीरा आईच्या फोटोपुढे. दिसला? लाल. तो दिवा कधी विझत नाय. चावी काढली तरी पेटलेला, ताडपत्री घातली तरी आत पेटलेला. ती बघ त्याची वायर, खाली गेलीय आतमधे. तोच पितो बॅटरी. थेंब थेंब पितो आणि ह्यांना दिसत नाय. की दिसतं आणि दिसत नाय बोलतात, ते आईलाच ठाऊक.

तू म्हणशील देवीचा दिवा आहे मावशी, असं काय बोलता. अरे देवीचा असता तर मी रोज तेल घातलं असतं त्याच्यात. तो मोठीचा आहे. मोठी म्हणजे ह्यांची पहिली, रंगू. गाडी घरी आली तेव्हा तिने हट्ट करून बसवून घेतला. बोललेली, हा विझू द्यायचा नाय. आणि पुढच्या वर्षी कावीळ होऊन गेली. झालं. मेलेल्या बाईचा शब्द कोण मोडणार? माझा रोज मोडतात, मी जिवंत आहे ना. मध्यंतरी त्याचा बल्ब गेलेला, तेव्हा पिवळा होता. मी मनात बोलले, सुटले बाई. दुसऱ्या दिवशी बघते तर हा लाल.

हा बघ, माझ्या गळ्यात काय आहे. मंगळसूत्र नाय रे, त्याच्या बाजूचा. सवतीचा टाक. तुमच्यात घालतात का? दुसरेपणावर दिलेल्या पोरीला घालावाच लागतो. नवी साडी आली की आधी ह्याच्यापुढे ठेवायची, हळदकुंकू लावायचं, मग आपण नेसायची. आधी तिची, मग माझी. सगळं केलं मी, एक दिवस चुकवलं नाय. खडवलीहून, माहेरातनं निघाले तेव्हा माझी आई बोललेली, मेलेल्या सवतीचा राग धरू नये, ती काय भांडायला येत नाय. तेच तर दुखणं आहे ना. भांडायला आली असती तर बघून घेतलं असतं तिला. जिवंत असती तर म्हातारी झाली असती, गुडघे धरून बसली असती, ह्यांच्यावर खेकसली असती, ह्यांनी पण कान बंद करून घेतले असते. पण ती राहिली तिथेच, लग्नातल्या फोटोसारखी कोवळी. आणि मी झाले अशी. जळते मी तिच्यावर, हो जळते, तुझ्यापासून काय लपवायचं, तू काय रोज येणारायस इथे. टाकाचं मला काय वाटत नाय. टाक रीतीचा आहे, चार माणसांनी घातला. दिवा कुठल्या रीतीत बसतो? तो ह्यांच्या मनचा आहे.

पुढच्या सीटवर बसलं की तो असा समोर येतो, थेट डोळ्यांत. म्हणून मी मागे बसते. हे बोलतात, सगुणा, ये की पुढे. मी बोलते, पुढे मळमळतं मला. खरं तर मागेच मळमळतं.

मग मी काय केलं, माझं पण काहीतरी असू दे गाडीत म्हणून टेप बसवून घेतला. तोच, निळं घड्याळ आहे बघ त्याच्यात. ह्यांनी हौसेने बसवला, खोटं नाय बोलणार, माझी सगळी गाणी भरून आणली. पण बॅटरी उतरतच राहिली. एक मेकॅनिक मला बोलला, काकी, गाडी उभी असेल तेव्हा बॅटरीचं एक टोक काढून ठेवा, कोण पिणारच नाय मग. किती सोपी गोष्ट. मी ह्यांना सांगितलं. तर काय बोलावं? टोक काढलं की तुझ्या टेपचं घड्याळ जातं, आणि तुला बंद घड्याळ आवडत नाय. ऐकलंस? माझं घड्याळ! दिवा विझेल असं नाय बोलले. सगळा संसार झाला माझा ह्यांच्याबरोबर, मला एवढं कळत नाय?

म्हणून तुला सांगते, बंटी. पकड आहे ना तुझ्या पेटीत? ती वायर तोड. आतनं तोड, दिसणार नाय अशी. आणि ह्यांना सांग, उंदराने खाल्ली. उंदीर आहेतच इथे, खाडी जवळ आहे. तू बाहेरचा माणूस, तुझं ऐकतील. सांग, परत जोडली तर गाडी पेट घेईल. आईची मी बघते— पुढच्या चैत्रात वर जाऊन ओटी भरेन, पाया पडेन, ती बाईच आहे, समजून घेईल.

काय? आधी मीटर लावतोस? लाव बाबा, तुझं समाधान होऊ दे. सगळं बंद आहे तरी आकडा दाखवतोय ना? बघ. मी काय बोलत होते? कोणीतरी पितंय. फ्यूज एकेक काढून बघ, काढ. हॉर्नचा काढलास— आकडा तसाच. लाइटचा— तसाच. पुढचा काढ. पडला? एकदम पडला? हां, सापडली. धर तिला. दिव्याचाच आहे ना तो?

नाय?

टेपचा कसा असेल. परत लाव बरं तो. चढला. आता काढ. पडला. चुकीची वायर जोडलीय म्हणतोस, रात्रंदिवस जागाच राहतो आतनं. म्हणजे माझाच टेप. आणि मी टोक काढा बोलले तर घड्याळाचं सांगत होते ते— ते खरंच सांगत होते? एवढ्या बॅटऱ्या गेल्या, एका शब्दाने बोलले नाय मला. दुसरा असता तर उपटून खाडीत टाकला असता. नाय रे, रडत कुठे, ऊन लागतंय डोळ्यांना. बघ, माणूस एवढी वर्षं शेजारी झोपतं आणि आपण काय काय धरून बसतो. मला वाटायचं सगळं तिच्यासाठीच. बसेन मी पुढे आता. येत्या चैत्रात पुढे बसेन.

थांब. बॅटरीची टोकं काढलीस ना तू आता? दोन्ही? मग तो दिवा कसा पेटलाय?

वायर ओढून बघ. हातात आली? कशालाच जोडलेली नव्हती? जुन्या बल्बची असेल. मग ह्याला वीज कुठून मिळते? फोटो उचल. हात पूस आधी, मग उचल. मागे डबी आहे? उघड की. सेल. पेन्सिल सेल. काढ ते, दे माझ्या हातात.

विझला बघ. लाल झाल्यापासनं आज पयल्यांदा बघतेय मी त्याला असा.

हे निळे सेल मी आणलेत. परवाच. राघोच्या दुकानातनं. हे बोलले, सगुणा, टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले गं, येताना आण. सारखंच सांगतात. मी राघोला बोलते पण, आमचा रिमोट सेल खातो रे. तो बोलतो, स्वस्तातले ने. मी बोलते नको, निळेच दे, ते जास्त टिकतात. भर उन्हात गेलेले मी, चपलेचा अंगठा तुटलेला तरी गेले. माझ्या हाताने आणते मी. दरवेळी. माझ्या हाताने आणून देते आणि हे इथे येऊन—

तू नको बोलूस काय. तुला काय कळणार. राहू देत माझ्या मुठीत थोडा वेळ. राहू दे तसाच विझलेला. नवी बॅटरी आणशील ती पाण्याचीच आण, त्यांना आवडते तीच, आणि टेपचा फ्यूज लावू नकोस आता, गरज नाय. घड्याळ गेलं तर जाऊ दे.

फाटक वाजलं? बघ जरा. पांढरा सदरा? तेच आहेत. धर— धर हे, घाल आत लवकर. फोटो होता तसा ठेव, जरा डावीकडे, त्यांना लगेच कळतं. पेटत नाय? उलटा घातलास तू एक, फिरव तो. नीट घाल ना रे, नवे आहेत, पेटला पायजे. पेटला? हां. पेटला. मी काय बोललेले नाय तुला. उचल पेटी आणि जा.