सापडवाडी नेमकी कुठं

जमलेल्या मायबहिणींनो, भावांनो, पावणं मंडळी,

माझ्याआधी मोठी माणसं बोलली. मला माइक धरायची सवय नाही. आठवीत शाळा सुटली, आता हैदराबादला फरश्या बसवतो. दोन शब्द बोल म्हणाले. पण थोडं लांबेल. तात्या तरी कुठं थोडक्यात बोलायचे?

माझे हे चुलते जन्मभर मेंढरांमागं हिंडले, आणि हिंडता हिंडता त्यांनी मनानंच एक मुलूख रचला. तुमच्यातल्या निम्म्यांनी लहानपणी ऐकलाय. काळदरा, तिथं लांडगे कोकरं राखतात. धुकेवाडी, तिथं धुकं कातरून घोंगड्या विणतात. उत्तरेला मिठागड. आणि सापडवाडी, जिथं हरवलेलं प्रत्येक मेंढरू सापडतं. काळदऱ्याच्या दक्षिणेला नुसता समुद्र.

मागच्या वर्षी फरशीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्या मुलखाचा नकाशा काढायला बसलो. एक मुक्काम म्हणजे चार बोटं दोरी. काळदरा ते धुकेवाडी तीन मुक्काम. धुकेवाडी ते मिठागड चार. आणि काळदऱ्याहून मिठागड सरळ वाटेनं नऊ. तीन न् चार सात. सरळ वाट वळशापेक्षा लांब कशी? त्रिकोण काही जुळेना.

फोन लावला. म्हणालो, "तात्या, तुमचा मुलूख खोटा हाय."

"येड्या, तू मुक्काम मोजलं. चाल मोजली का? त्या वाटंला चार दिस मेंढरं लोकांच्या वावरात बसत्यात, खतासाठी. चालायचं पाचच."

तीन, चार, पाच. मंडळी, याच मापानं आम्ही खोलीचा काटकोन धरतो. तात्यांनी तो शाळेत न जाता धरला होता.

राहिली सापडवाडी. काळदऱ्यापासून चार दिवसांची चाल, एवढंच म्हणाले. पण एका अंतरानं गाव सापडत नाही, नुसता गोल निघतो. दुसरं अंतर विचारलं तर म्हणाले, "ते फोनवर नाय. गावाला ये, मंग सांगतो." दिवाळीला विचारलं, जत्रेला विचारलं. तेच उत्तर. मीही "येतो तात्या" म्हणत राहिलो. एक साइट संपली की दुसरी. आलो, तेव्हा तात्या नव्हते.

आज सकाळी पुठ्ठा नानींपुढं ठेवला. ह्या बसल्यात नानी, माझ्या चुलती. म्हणालो, आता हे गाव कधीच घावायचं नाही.

"धुकेवाडीपासनं पाच," नानी म्हणाल्या. "त्यात काय एवढं? ह्ये रोज इसरायचं, मीच सांगायची."

दोरी फिरवली. दोन जागा निघाल्या. एक भर समुद्रात, मेंढरं तिथं कशाला जातील? दुसरी मिठागडाच्या रांगेत, बरोबर चौथ्या कोपऱ्यावर. चारी गावं मिळून अख्खी एक फरशी.

नानींनी चष्मा लावून पुठ्ठा पाहिला. म्हणाल्या, "त्या गावाची वाट घावली. आता ह्या गावाची ध्यानात ठिव."

मी दिवाळीला येणार आहे, नानी. सगळ्यांसमोर सांगतो.

आता उभं राहू. तात्यांची मेंढरं आळेफाट्याला रस्ता ओलांडायची, तेव्हा ट्रक, एसटी, सगळे थांबायचे. मागचं लंगडं मेंढरू पलीकडं जाईपर्यंत तात्या घाई करायचे नाहीत. आपण तेवढाच वेळ गप्प उभं राहू. लंगडं पलीकडं पोचलं की मी सांगतो, मग बसा.